कॉपी-पेस्ट : वाचलेला वेळ आणि हरवलेला वेळ

संगणकाची ओळख करून देणारी कोणतीही पुस्तिका उघडली, तर तिच्यात एक वाक्य हमखास सापडते : 'कॉपी-पेस्टमुळे वेळ वाचतो.' त्यानंतर दोन कळजोड्या दिलेल्या असतात, कंट्रोल-सी आणि कंट्रोल-व्ही, आणि विषय तेथेच संपतो. किती वेळ वाचतो, कोणत्या कामात वाचतो, कोणत्या कामात उलट वाया जातो, मजकूर मराठी असला तर काय होते, या प्रश्नांना या पुस्तिका हात घालत नाहीत. मोजमाप न करता केलेले विधान विज्ञानाच्या शिक्षकाने तरी मान्य करू नये. म्हणून या साधनाची, म्हणजे संगणकातील 'क्लिपबोर्ड'ची, थोडी कसून तपासणी करू.

ती करताना नजरेसमोर ठेवू जुन्नर आणि आंबेगाव हे पुणे जिल्ह्याच्या उत्तरेचे दोन तालुके. पूर्वेला नारायणगाव, ओतूर, मंचर ही बागायती, बाजारपेठेची गावे, तर पश्चिमेला नाणेघाटापासून भीमाशंकरापर्यंतचा डोंगराळ आदिवासी पट्टा. या पट्ट्यातील दोन शिक्षकी शाळेत एक शिक्षक संगणकापुढे बसला, की दुसऱ्याला सगळे वर्ग एकट्याने सांभाळावे लागतात. अशा ठिकाणी संगणकावर गेलेला तास मुलांच्या शिकण्यातून वजा होतो. वेळ वाचण्याचा प्रश्न म्हणूनच येथे किरकोळ नाही.

कात्री आणि खळ

'कट' आणि 'पेस्ट' हे शब्द संपादकांच्या टेबलावरून आले. हस्तलिखितातील परिच्छेद कात्रीने कापायचा आणि खळ लावून दुसरीकडे डकवायचा, ही छापखान्यांतली जुनी रीत. १९७४-७५ च्या सुमारास अमेरिकेतील झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रात लॅरी टेस्लर आणि टिम मॉट यांनी 'जिप्सी' नावाची शब्दसंपादनाची आज्ञावली तयार केली, ती गिन या पाठ्यपुस्तकांच्या प्रकाशनसंस्थेतील संपादकांसाठी. संपादक प्रत्यक्षात कसे काम करतात याचे निरीक्षण करून त्यांनी कात्री आणि खळ पडद्यावर आणली. १९८३ साली ॲपलच्या 'लिसा' आणि १९८४ साली 'मॅकिंटॉश' या संगणकांतून ही सोय सर्वसामान्यांपर्यंत गेली. टेस्लर २०२० साली निवर्तले. आज जगभर वापरले जाणारे हे साधन मुळात पाठ्यपुस्तकांच्या कामासाठी घडले, हे शिक्षकांनी लक्षात ठेवण्याजोगे आहे.

पाटी नव्हे, हुंडी

आपण एखादा मजकूर निवडून 'कॉपी' केला, की तो संगणकाच्या स्मृतीतील एका पाटीवर लिहिला जातो, असे सांगण्याची पद्धत आहे. ही कल्पना अपुरी आहे. एकच मजकूर क्लिपबोर्डवर एकाच वेळी अनेक रूपांत ठेवला जातो : नुसती अक्षरे, अक्षरे अधिक त्यांचा आकार व रंग, वेबपानाच्या स्वरूपातील मजकूर, क्वचित चित्रही. जेथे आपण 'पेस्ट' करतो ती आज्ञावली यांपैकी आपल्याला झेपेल ते रूप उचलते. म्हणूनच वर्डमधला रंगीत तक्ता नोटपॅडमध्ये डकवला, की रेघा आणि रंग गळून फक्त अक्षरे उरतात.

शिवाय विंडोजमध्ये पुष्कळदा प्रत्यक्ष मजकूर ठेवलाच जात नाही. 'मागाल तेव्हा देईन' एवढे वचन मूळ आज्ञावली देते आणि पेस्ट करताना ते पुरे करते. व्यापाऱ्यांच्या हुंडीसारखाच हा व्यवहार म्हणता येईल. हुंडी लिहून देणारा पेढी बंद करून निघाला तर ती वटायची कशी? मोठा तक्ता कॉपी करून आपण एक्सेल बंद करू लागलो, की 'क्लिपबोर्डवरील मजकूर ठेवायचा का?' असा प्रश्न कधी कधी येतो, त्याचे कारण हेच.

ही रचना कळली, की निम्म्या तक्रारींचे मूळ सापडते. वेबपानावरून उचललेला मजकूर प्रश्नपत्रिकेत डकवला, की अक्षरांचा आकार, ओळींमधले अंतर, पार्श्वभूमीचा रंग सगळे पाहुण्यासारखे सोबत येते आणि ते निस्तरण्यात दहा मिनिटे जातात. उपाय साधा आहे : 'फक्त मजकूर' डकवणे. बहुतेक ब्राउझरमध्ये कंट्रोल-शिफ्ट-व्ही ही कळजोडी ते काम करते. वर्डमध्ये 'पेस्ट स्पेशल' किंवा 'कीप टेक्स्ट ओन्ली' हा पर्याय आहे.

वेळेचा हिशोब

साध्या क्लिपबोर्डवर एका वेळी एकच गोष्ट राहते. नवी आली की जुनी पुसली जाते. ही मर्यादा दूर करण्याचे प्रयत्न जुने आहेत. मायक्रोसॉफ्टच्या ऑफिस २००० मध्ये १२ आणि पुढच्या ऑफिस एक्सपीमध्ये २४ तुकडे साठवता येत. २०१८ च्या ऑक्टोबरमध्ये विंडोज १० मध्ये 'क्लिपबोर्ड हिस्टरी' आली. विंडोजची कळ आणि व्ही दाबले, की आधी कॉपी केलेल्या तुकड्यांची यादी उघडते. यादीत २५ तुकडे राहतात. संगणक बंद करून सुरू केला की ती पुसली जाते, मात्र टाचणीचे चिन्ह दाबून 'पिन' केलेले तुकडे टिकतात. ही सोय आपण सुरू करेपर्यंत बंदच असते. पहिल्यांदा कळजोडी दाबली की ती सुरू करायची का, असे विचारले जाते. त्यामुळे कित्येकांच्या संगणकात ती वर्षानुवर्षे न वापरता पडून आहे. विंडोज ७ वर चालणाऱ्या जुन्या संगणकांत ती नाहीच.

आता हिशोब करू. ६० मुलांची माहिती एका खिडकीतून दुसऱ्या खिडकीतील अर्जात न्यायची आहे. प्रत्येक मुलाचे पाच तुकडे. एका खिडकीतून दुसरीत जायला ३ सेकंद, तुकडा निवडून कॉपी करायला ४ आणि डकवायला २ सेकंद धरू. साध्या क्लिपबोर्डने एका मुलामागे दहा फेऱ्या पडतात : फेऱ्यांचे ३०, निवडीचे २० आणि डकवण्याचे १० सेकंद, एकूण एक मिनिट. ६० मुलांना एक तास.

हिस्टरी वापरून पाचही तुकडे आधी उचलले, तर दोनच फेऱ्या लागतात. यादीतून निवडून डकवायला २ ऐवजी ३ सेकंद धरले, तर ६ अधिक २० अधिक १५, म्हणजे ४१ सेकंद. ६० मुलांना ४१ मिनिटे. एकोणीस मिनिटे वाचली.

पण तुलना येथेच थांबवणे योग्य नाही. हे पाच तुकडे मिळून बारा शब्द होतात असे समजा. मिनिटाला २० शब्द टंकणारा शिक्षक समोरच्या रजिस्टरवरून ते ३६ सेकंदांत टंकून मोकळा होईल. म्हणजे छोट्या, एकदाच लागणाऱ्या तुकड्यांच्या बाबतीत क्लिपबोर्डने वेळ वाचतच नाही! त्याचा उपयोग झालाच तर अचूकतेसाठी.

आता दुसरे टोक पाहू. शाळेचे पूर्ण नाव, गाव, तालुका, जिल्हा मिळून पंधरा शब्द प्रत्येक अर्जात लिहायचे आहेत. टंकून ४५ सेकंद. पिन करून ठेवलेला तुकडा डकवायला ३ सेकंद. साठ अर्जांत ४२ मिनिटे वाचतात. आणि हीच सारी माहिती एका तक्त्यात असून दुसरा तक्ताच भरायचा असेल, तर मुलागणिक काम करण्याचे कारणच नाही. पाच उभे रकाने अख्खेच्या अख्खे उचलून डकवता येतात. पाच-सात मिनिटे त्यात जातील आणि दहा मिनिटे पडताळणीत.

वरची गृहीतके माझी आहेत. वाचकांनी घड्याळ लावून स्वतःचे आकडे घालून पाहावेत. निष्कर्ष मात्र फारसा बदलणार नाही : एकच मजकूर अनेकदा लागत असेल किंवा मोठा मजकूर अखंड हलवायचा असेल, तर क्लिपबोर्ड वेळ वाचवतो, अनेक छोटे मजकूर एकेकदाच हलवायचे असतील, तर वेळ वाचल्याचा केवळ भास होतो.

यातून एक वेगळाच प्रश्न निघतो. शाळेचा ११ अंकी यू-डायस क्रमांक अर्जात दिला, की त्या शाळेचे नाव, गाव, तालुका संगणकाला ठाऊक असायला हवा. मग तोच पत्ता साठ वेळा मागायचा कशासाठी? जेथे माणसाला एकच मजकूर पुन्हापुन्हा डकवावा लागतो, तेथे दोन माहितीसाठे एकमेकांना जोडायचे राहून गेलेले असतात. शिक्षकाच्या हातचलाखीने ते वैगुण्य झाकले जाते, इतकेच.

मराठीची अडचण

इंग्रजी मजकुराच्या बाबतीत जे साधन सरळ चालते ते मराठीत अडखळते, आणि याची चर्चा पुस्तिकांतून जवळजवळ नसतेच. संगणक अक्षराचे चित्र कॉपी करत नाही, त्याचा संकेतांक कॉपी करतो. १९९० च्या दशकात मराठी छपाईसाठी वापरले गेलेले बहुतेक फाँट इंग्रजी अक्षरांच्याच संकेतांकांवर देवनागरीचे तुकडे बसवून तयार केलेले होते. एका जागी काना, दुसरीवर अर्धा 'क', तिसरीवर वेलांटी. प्रत्येक कंपनीची मांडणी निराळी. अशा फाँटमधला मजकूर दुसऱ्या फाँटमध्ये डकवला, की पडद्यावर इंग्रजी अक्षरांचा नि चिन्हांचा कचरा दिसतो. क्लिपबोर्डने त्याचे काम चोख केलेले असते. संकेतांक बरोबर आलेले असतात, त्यांचा अर्थ मात्र बदललेला असतो.

सर्वांसाठी एकच संकेतप्रणाली असावी यासाठी भारतीय मानक १९९१ साली निश्चित झाले. पुण्याच्या सी-डॅकचे या क्षेत्रातील काम प्रसिद्ध आहे. त्याच वर्षी युनिकोडची पहिली आवृत्ती आली, तिच्यात देवनागरीला स्वतंत्र जागा मिळाली. आज युनिकोड सर्वत्र आहे, तरी जुन्या फाँटमधील प्रश्नपत्रिका, स्मरणिका, शाळांची जुनी कागदपत्रे पडून आहेतच. ती परिवर्तकातून युनिकोडमध्ये आणता येतात, पण जोडाक्षरे, रफार आणि पहिली वेलांटी तपासल्याशिवाय त्यांवर विसंबू नये. पीडीएफ फाईलमधून मराठी मजकूर उचलतानाही वेलांट्या जागा सोडतात, कारण कित्येक पीडीएफमध्ये अक्षरे उच्चाराच्या क्रमाने नसून कागदावर दिसतात त्या क्रमाने साठवलेली असतात.

युनिकोडमध्येही गुंता पूर्ण सुटलेला नाही. 'कुऱ्हाडे' या आडनावातील अर्धा 'र' दोन निरनिराळ्या रीतींनी लिहिता येतो. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, संगणकाला ते वेगळे शब्द वाटतात. 'ॲ' या अक्षराला स्वतंत्र जागा २००८ साली मिळाली, त्याआधी ते 'अ' आणि चंद्र जोडून लिहिले जाई. 'घोडेगाव' आणि जुन्या लेखनातील 'घोडेगांव' यांचेही तसेच. दोन ठिकाणांहून डकवलेल्या याद्या जोडताना एकच मूल दोनदा मोजले जाते किंवा सापडतच नाही, ते अशा कारणांनी. 'आंबेगाव' या नावाची वेगळीच गोष्ट. ज्या गावावरून तालुक्याला नाव पडले ते डिंभे धरणाच्या जलाशयात गेले, तालुक्याचे ठाणे घोडेगावला आहे, आणि पुणे शहरालगत आणखी दोन आंबेगावे आहेत, बुद्रुक आणि खुर्द. गावाच्या रकान्यात तालुक्याचे नाव डकवले गेले, तर ही चूक कोणताही संगणक पकडणार नाही.

आकडे आणि तारखा

तक्त्यांत धोका आणखी वाढतो, कारण तेथे डकवलेला मजकूर संगणक स्वतःच्या समजुतीने वाचू लागतो. '०५/०८/२०१५' ही ५ ऑगस्टची जन्मतारीख अमेरिकी पद्धतीच्या मांडणीतील एक्सेलमध्ये डकवली, की ती ८ मे होते. '२५/०८/२०१५' मात्र तशीच राहते, कारण पंचविसावा महिना नसतो. म्हणजे ज्यांच्या जन्मतारखेतील दिवस बारापर्यंतचा आहे आणि महिन्याच्या आकड्याहून वेगळा आहे, तेवढ्यांचीच तारीख गुपचूप बदलते. सरासरीने तीन मुलांमागे एका मुलाची! बाकीच्या बरोबर दिसत असल्याने संशयही येत नाही. एक्सेल १५ च अंक जपते, त्यामुळे सोळा किंवा अधिक अंकांच्या क्रमांकाचे शेवटचे अंक शून्य होतात. डकवण्यापूर्वी रकान्याचा प्रकार 'टेक्स्ट' करणे आणि डकवताना फक्त मजकूर डकवणे, हा यावरचा सोपा उपाय.

या चुका केवळ नवशिक्यांच्या नाहीत. कॅनडातील ट्रान्सआल्टा या वीजकंपनीच्या निविदेच्या तक्त्यात २००३ साली कट-पेस्ट करताना ओळी सरकल्या आणि कंपनीला सुमारे २ कोटी ४० लाख डॉलरचा फटका बसला. संशोधकही यातून सुटलेले नाहीत. काही जनुकांची संक्षिप्त नावे 'मार्च १', 'सप्टेंबर २' अशी वाचली जाण्यासारखी होती. एक्सेल त्यांच्या तारखा करून टाकी. एक्सेलमध्ये जनुकांच्या याद्या जोडलेल्या शोधनिबंधांपैकी सुमारे एक पंचमांश निबंधांत असे दोष असल्याचे २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत आढळले. अखेर २०२० साली नामकरण समितीने जनुकांचीच नावे बदलली!

न वाचता केलेली नक्कल

शिक्षकांच्या दृष्टीने सर्वांत गंभीर आक्षेप यापुढचा आहे. जुन्नर तालुक्यातील खोडद येथे ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांची महाकाय रेडिओ दुर्बीण आहे. राष्ट्रीय विज्ञानदिनाला तेथे दुर्बीण पाहण्यासाठी शाळांची गर्दी होते, विद्यार्थी आपापले प्रयोग मांडतात. कोणत्याही विज्ञानप्रदर्शनात हिंडताना दिसते, की तक्त्यांवरचा मजकूर अनेकदा जसाच्या तसा डकवलेला असतो. 'व्यास ४५ मीटर, संख्या ३०' हे डकवायला दोन सेकंद लागतात. पण मुलाला विचारावे, 'या सगळ्या थाळ्या मिळून किती क्षेत्र व्यापतात?' त्रिज्या साडेबावीस मीटर, एका थाळीचे क्षेत्रफळ सुमारे १,५९० चौरस मीटर, तिसांचे जवळपास ४७,७०० चौरस मीटर, म्हणजे पावणेबारा एकर. शेतकऱ्याच्या मुलाला एकर कळतो. त्या क्षणी दुर्बिणीचा आवाका त्याच्या डोळ्यांसमोर उभा राहतो. पुढे विचारावे, 'थाळी जाळीची आहे, मग रेडिओ लहरी भोकांतून निसटत कशा नाहीत?' लहरींची लांबी भोकांच्या मानाने खूप मोठी असते, हे त्याने स्वतःच्या शब्दांत सांगितले, तर ते त्याला कळले म्हणायचे. वाचलेला वेळ अशा प्रश्नांत लागला, तर कॉपी-पेस्टला आक्षेप कशाला घ्यावा?

हाताने उतरवून घेणे आपोआपच श्रेष्ठ, असेही मानू नये. फळ्यावरचे उत्तर वहीत उतरवणारा विद्यार्थीही पुष्कळदा डोके बाजूला ठेवूनच लिहितो. फरक पाहण्यात आहे. जुन्नरजवळच्या नाणेघाटात सातवाहनकालीन ब्राह्मी लेख आहे. १८७० च्या दशकात पंडित भगवानलाल इंद्रजींनी त्यातील अंकांचा अभ्यास केला, तो मूळ खोदकामाकडे बारकाईने पाहून, चिन्हाशी चिन्ह ताडून. भारतीय अंकांच्या इतिहासाला त्यातून मोलाचा पुरावा मिळाला. ताडून पाहण्याची ही सवय क्लिपबोर्ड आपल्याला लावत नाही. ती वेगळी लावून घ्यावी लागते.

एक सावधगिरी

क्लिपबोर्डवरचा मजकूर त्या संगणकावर चालणाऱ्या दुसऱ्या आज्ञावल्यांना वाचता येऊ शकतो. शाळेच्या सामायिक संगणकावर हिस्टरी सुरू असेल, तर पासवर्ड, मुलांचे आधार क्रमांक, बँकेचे खाते क्रमांक पुढच्या माणसाला यादीत दिसतील. काम संपल्यावर यादीतील 'क्लिअर ऑल' दाबावे. त्याने पिन केलेले तुकडे पुसले जात नाहीत, हे ध्यानात ठेवून खासगी काहीही पिन करू नये.

निवाडा

क्लिपबोर्ड हे उत्तम साधन आहे, पण त्याची शिकवण अपुरी आहे. शिक्षकांच्या संगणक-प्रशिक्षणात दोन कळजोड्यांच्या पुढे जाऊन निदान चार गोष्टी यायला हव्यात : फक्त मजकूर डकवणे, वारंवार लागणारे तुकडे पिन करणे, तक्त्यात डकवण्यापूर्वी रकान्याचा प्रकार ठरवणे, आणि डकवल्यानंतर दर दहा ओळींमागे एक ओळ मूळ कागदाशी ताडून पाहणे, जन्मतारखा मात्र सगळ्या. हे शिकवायला एक दुपार पुरे. मराठी मजकुराचे प्रश्न त्यात उदाहरणांसह यावेत, कारण आपले काम मराठीत चालते.

आणि वरिष्ठ कार्यालयांकडे एक मागणी जरूर करावी : एकदा दिलेली माहिती पुन्हा मागू नये. डोंगरातल्या दोन शिक्षकी शाळेत सर्वांत जास्त वेळ वाचेल तो जे डकवावेच लागले नाही त्यामुळे. तो वेळ वर्गाचा आहे, आणि वर्गाला परत मिळाला पाहिजे.